आदिवासी वस्त्यांवरील शासकीय बांधकामे आणि अंदाजपत्रकातील मान्य खर्च

(चिटगुप्पा परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, अभियंते व लेखा कर्मचारी यांना उद्देशून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आदिवासी कल्याणासाठी शासन जो निधी उपलब्ध करून देते, त्याचा लक्षणीय भाग घरे, वसतिगृहे, आश्रमशाळा, समाजभवने, अंतर्गत रस्ते आणि पाणीपुरवठा यांसारख्या बांधकामांवर खर्ची पडतो. या कामांची चर्चा बहुधा दोनच प्रसंगी होते. एक, काम मंजूर झाले म्हणजे. आणि दुसरा, ते अपुरे राहिले म्हणजे. परंतु काम पुरे होणार की अपुरे राहणार याचा निर्णय पुष्कळदा या दोन्ही प्रसंगांच्या मधल्या एका शांत टप्प्यावर झालेला असतो, आणि तो टप्पा म्हणजे अंदाजपत्रक तयार करण्याचा. कोणता खर्च अंदाजपत्रकात धरता येतो, कोणता धरता येत नाही आणि कोणता धरलाच पाहिजे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ लेखाशाखेचा वाटतो. वस्तुतः तो वस्तीवरील कुटुंबाच्या दैनंदिन जीवनाचा प्रश्न आहे.

सर्वसाधारण समज असा आहे की, मान्य खर्चाचे नियम म्हणजे खर्च रोखण्याचे नियम. ही समजूत अर्धीच खरी आहे. जो खर्च आदिवासींच्या हिताचा नाही तो त्यांच्या निधीवर पडू नये, ही या नियमांची एक बाजू होय. ज्या खर्चावाचून इमारत वापरता येणार नाही तो अंदाजपत्रकातून सुटू नये, ही दुसरी आणि तितकीच महत्त्वाची बाजू होय. लेखापरीक्षणात पहिली चूक सहज उघडकीस येते. दुसरी चूक मात्र लेखापरीक्षणात सहसा दिसत नाही. ती वस्तीवर दिसते. पाण्याची जोडणी नसलेले स्वच्छतागृह, वीज नसलेले समाजभवन, पावसाळ्यात जेथे पोहोचता येत नाही असे वसतिगृह ही तिची रूपे होत.

चिटगुप्पा परिसराचे वेगळेपण

चिटगुप्पा हा बीदर जिल्ह्यातील तालुका पूर्वी हुमनाबाद तालुक्यात समाविष्ट होता. कलबुर्गी जिल्हा आणि तेलंगण यांच्या सीमेलगतच्या या भागात कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानी पडतात. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याची विभागणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. राज्ये बदलली, तरी सोयरीक, बाजार आणि समाजरचना यांचे धागे तुटले नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटक राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६.९५ टक्के होते, तर बीदर जिल्ह्यात ते १३.८५ टक्के होते. म्हणजे राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड, नायकपोड आणि राजगोंड यांची एकत्र नोंद आहे, आणि बीदर जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्येत गोंड समाजाचे स्थान मोठे आहे. असे असूनही या जिल्ह्याची परिस्थिती शेजारच्या महाराष्ट्रातील किनवटसारख्या भागाहून भिन्न आहे. किनवट येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आहे आणि त्या तालुक्यात अनुसूचित क्षेत्रही आहे. कर्नाटक राज्यात संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र नाही, आणि राज्यातील एकात्मिक प्रकल्प मुख्यत्वे म्हैसूर, चामराजनगर, कोडगू, दक्षिण कन्नड अशा दक्षिणेकडील व किनारपट्टीच्या जिल्ह्यांत स्थापन झाले. बीदर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे बहुतांशी मिश्र वस्तीच्या गावांत राहतात. एकाच गावात काही घरे गोंडांची, काही अन्य समाजांची, आणि रस्ता, विहीर व शाळा मात्र सामाईक, असे चित्र सर्वत्र आढळते.

या मिश्र वस्तीमुळेच मान्य खर्चाचा प्रश्न येथे अधिक नाजूक होतो. संपूर्ण गाव आदिवासी असेल तेथे रस्त्याचा खर्च कोणाच्या नावे टाकावयाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. चिटगुप्पा तालुक्यातील गावात मात्र तो प्रत्येक कामागणिक उद्भवतो.

निधीचे मूळ आणि त्यावरील बंधने

संविधानाच्या अनुच्छेद २७५ (१) च्या पहिल्या परंतुकान्वये अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी केंद्र शासन राज्यांना अनुदान देते. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९७४-७५ पासून, आदिवासी उपयोजनेची कल्पना अमलात आली. प्रत्येक खात्याने आपल्या नियतव्ययातील काही हिस्सा आदिवासींसाठी निराळा काढून ठेवावा, हे तिचे मूलतत्त्व. हा पैसा सर्वसाधारण निधीत मिसळून जाऊ नये म्हणून हिशेबात त्यासाठी ७९६ हे स्वतंत्र गौणशीर्ष ठेवण्यात आले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व अन्य मागास घटकांच्या कल्याणावरील भांडवली खर्च ४२२५ या प्रधानशीर्षाखाली नोंदला जातो. हे आकडे नीरस वाटले, तरी त्यांतच संरक्षण आहे. खर्च चुकीच्या शीर्षाखाली गेला की, तो कोणासाठी झाला हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.

महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशींनुसार नव्वदीच्या दशकाच्या आरंभी आदिवासी उपयोजनेचा निधी आदिवासी विकास विभागाच्या नियोजनाखाली आणला. कर्नाटकाने पुढे कायद्याचा मार्ग स्वीकारला. अनुसूचित जाती उपयोजना व आदिवासी उपयोजना यांच्या नियोजन, नियतवाटप आणि विनियोगासंबंधीचा कर्नाटक अधिनियम २०१३ साली झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६.९५ टक्के, असा एकूण २४.१० टक्के हिस्सा राखून ठेवण्याचे बंधन त्यामुळे आले.

या अधिनियमाच्या सातव्या कलमात खर्च कसा धरावा याचे दंडक आहेत. केवळ या समाजघटकांना लाभ देणाऱ्या योजनेचा संपूर्ण खर्च उपयोजनेवर टाकता येतो. इतरांनाही लाभ होत असल्यास लाभार्थ्यांच्या प्रमाणात खर्च धरावयाचा असतो. याच कलमात ७ (ड) हे एक उपकलम होते. मोठा रस्ता, धरण यांसारखे जे काम समाजनिहाय विभागता येत नाही, त्याच्या खर्चाचा काही हिस्सा उपयोजनेवर खर्च झाला असे मानण्याची मुभा त्याने दिली होती. या मुभेमुळे निधी कागदोपत्री खर्च होई आणि वस्तीवर मात्र त्याची खूण दिसत नसे, असा आक्षेप अनेक वर्षे घेतला जात होता. २०२३ साली हे उपकलम वगळण्यात आले.

या दुरुस्तीचा अर्थ ग्रामपंचायत स्तरापर्यंत नीट समजणे आवश्यक आहे. अमुक रस्त्याचा उपयोग आदिवासींनाही होतोच, एवढे म्हणणे पुरेसे नाही. वस्ती कोणती, तेथील अनुसूचित जमातीची कुटुंबे किती, कामाचा कोणता भाग त्या वस्तीत पडतो, हे नकाशासह आणि कुटुंबांच्या यादीसह प्रस्तावात दाखवावे लागते. समजा, एका अंतर्गत रस्त्याची लांबी ६०० मीटर आहे आणि त्यांपैकी ४०० मीटर रस्ता गोंड वस्तीतून जातो. अशा वेळी ४०० मीटरचा खर्च आदिवासी शीर्षाखाली आणि उर्वरित २०० मीटरचा खर्च ग्रामपंचायतीच्या अन्य निधीतून, अशी विभागणी अंदाजपत्रकातच केलेली असावी. काम एकाच वेळी एकाच ठेकेदाराकडून झाले तरी हरकत नाही. परंतु मोजमाप पुस्तिकेत दोन्ही भागांची नोंद पृथक् असली पाहिजे.

मान्य खर्चाच्या चार कसोट्या

सार्वजनिक अनुदानातील खर्च मान्य आहे की नाही, हे ठरविण्याच्या कसोट्या जगभर बऱ्याच अंशी सारख्या आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूळ रहिवासी जमातींच्या घरबांधणीसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. तेथील संघशासन प्रदेशनिहाय एकूण विकासखर्चाची मर्यादा जाहीर करते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती मर्यादा केवळ भिंती आणि छपराची नसते. जागा, नियोजन, बांधकाम, आवारातील रस्ते, पाणी व अन्य जोडण्या आणि प्रशासकीय खर्च हे सर्व त्या एका आकड्यात समाविष्ट असते. त्याचबरोबर प्रत्येक खर्च आवश्यक असावा, वाजवी असावा, त्याच कामाशी संबद्ध असावा आणि कागदपत्रांनी सिद्ध होणारा असावा, अशी अपेक्षा असते.

भारतीय वित्तीय नियमांची मांडणी निराळी असली तरी आशय हाच आहे. खर्च आवश्यक आहे हे प्रशासकीय मान्यतेने ठरते. तो वाजवी आहे हे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीने आणि तांत्रिक मंजुरीने ठरते. तो त्याच कामाशी संबद्ध आहे हे लेखाशीर्षाने आणि लाभार्थी यादीने सिद्ध होते. आणि तो प्रत्यक्ष झाला आहे हे मोजमाप पुस्तिका, देयके आणि पूर्णत्वाचा दाखला यांवरून दिसते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावली २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी, सविस्तर आराखडा, दरसूचीवर आधारित परिमाणांसह अंदाजपत्रक आणि निधीची उपलब्धता यांवाचून कोणतेही काम सुरू करू नये. या चार कसोट्या प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याने आणि पंचायत विकास अधिकाऱ्याने अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीला लावून पाहाव्यात.

अंदाजपत्रकात काय सुटू नये

पहिली बाब जमिनीची. बीदर जिल्ह्यात जांभ्या दगडाची पठारे आहेत, तशीच काळी जमीनही आहे. जांभ्यावर पाया लवकर लागतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साध्या उथळ पायाची इमारत उभी केल्यास दोन-चार वर्षांत भिंतींना तडे जातात. खोल पाया, मुरमाची भरणी किंवा जमिनीच्या प्रकारानुसार विशिष्ट प्रकारचे स्तंभपाये यांचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे. मृद्परीक्षणाचा अहवाल जोडला असेल तर तो पूर्णतः समर्थनीय ठरतो. अहवाल नसेल तर हाच खर्च वाढीव म्हणून आक्षेपाला पात्र होतो. मृद्परीक्षणावरील अल्प खर्च वाचविण्यासाठी संपूर्ण इमारत धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे.

दुसरी बाब वाहतुकीची. दरसूचीतील दर ठराविक अंतर गृहीत धरून दिलेले असतात. वाळू, खडी, विटा वस्तीपर्यंत आणण्याचे प्रत्यक्ष अंतर म्हणजे लीड, त्याचा तक्ता अंदाजपत्रकासोबत नसल्यास दर अपुरे पडतात आणि ठेकेदार निविदेस प्रतिसाद देत नाहीत. आडबाजूच्या वस्त्यांवरील कामे वर्षानुवर्षे रेंगाळण्याचे हे एक साधे कारण आहे.

तिसरी बाब जोडण्यांची. अंतर्गत वीजजोडणी, पाण्याची टाकी व नळ, स्वच्छतागृह, सांडपाण्याची सोय, पावसाच्या पाण्याचा निचरा, कुंपण, आणि मुख्य रस्त्यापासून इमारतीपर्यंतचा जोडरस्ता ही इमारतीची अंगे होत, अलंकार नव्हेत. मुलींच्या वसतिगृहाच्या बाबतीत तर कुंपण, दिवे आणि पाणी यांवाचून इमारत पूर्ण झाली असे म्हणताच येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक इमारतीत त्यांना सुलभ प्रवेश मिळाला पाहिजे; त्यासाठी लागणारा उतरता मार्ग आणि योग्य स्वच्छतागृह यांचा खर्चही मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

चौथी बाब कर व उपकरांची. शासनाच्या बांधकाम ठेक्यांवरील वस्तू व सेवा कराचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला; तरीही ठेक्याच्या रकमेवरील १८ टक्के कर धरावाच लागतो. याखेरीज इमारत व अन्य बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर भरावा लागतो. जमिनीची किंमत या उपकराच्या हिशेबातून वगळलेली आहे. हा उपकर म्हणजे त्याच वस्तीवर गवंडीकाम आणि बिगारीकाम करणाऱ्या मजुरांच्या कल्याणाचा पैसा आहे, याचे विस्मरण होऊ नये.

एक साधा हिशेब

वरील बाबींचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वस्तीवर समाजभवन बांधावयाचे असून त्यासाठी ४० लाख रुपयांची मंजुरी आहे. मुख्य बांधकाम ३० लाख, विद्युतीकरण ३ लाख, पाणीपुरवठा व स्वच्छता अडीच लाख, आणि कुंपण, जोडरस्ता व निचरा अडीच लाख, असा एकूण ३८ लाखांचा अंदाज निघाला. पाहणाऱ्यास वाटेल की, काम मंजूर रकमेत बसते आणि वर २ लाख शिल्लक राहतात.

परंतु ३८ लाखांवर १८ टक्के कर ६ लाख ८४ हजार रुपये होतो. मूळ कामावर १ टक्का उपकर धरल्यास ३८ हजार रुपये होतात. आकस्मिक खर्चासाठी ३ टक्के धरल्यास १ लाख १४ हजार रुपये होतात. एकूण खर्च ४६ लाख ३६ हजार रुपयांवर जातो आणि तूट ६ लाख ३६ हजार रुपयांची येते.

आता ही तूट भरून काढण्यासाठी काम चालू असताना काय वगळले जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पाणी व स्वच्छता आणि कुंपण व जोडरस्ता या दोन्ही बाबी कर, उपकर व आकस्मिक खर्चासह ६ लाख १० हजार रुपयांच्या आहेत. त्या दोन्ही पूर्णपणे वगळल्या तरी २६ हजार रुपयांची तूट शिल्लक राहतेच. म्हणजे वस्तीला पाण्याविना, स्वच्छतागृहाविना, कुंपणाविना आणि रस्त्याविना एक सभागृह मिळेल, आणि हिशेब तरीही जुळणार नाही. हीच आकडेमोड मंजुरीपूर्वी केली असती, तर एकतर मंजुरी वाढवून मागता आली असती, अथवा सभागृहाचे क्षेत्रफळ थोडे कमी करून सर्व सोयींनी युक्त अशी लहान इमारत उभी करता आली असती. अपुऱ्या मोठ्या इमारतीपेक्षा पुरी लहान इमारत केव्हाही अधिक उपयोगी असते.

कोणता खर्च धरू नये

दरसूचीतील दरांत ठेकेदाराचा नफा आणि त्याचा सर्वसाधारण खर्च आधीच समाविष्ट असतो; तो पुन्हा निराळा दाखविणे म्हणजे एकच रक्कम दोनदा देणे होय. भूमिपूजन, उद्घाटन, सत्कार, कमानी यांवरील खर्चास बांधकामाच्या अंदाजपत्रकात स्थान नाही. कार्यालयाची वाहने, अधिकाऱ्यांच्या कक्षांची सजावट, विलंबामुळे द्यावा लागलेला दंड वा व्याज हाही आदिवासींच्या निधीवरील भार होऊ शकत नाही. मंजुरीपूर्वीच सुरू केलेल्या कामाचे देयक मागाहून मंजुरीत बसविण्याचा प्रयत्न हा तर उघड नियमभंग होय.

आकस्मिक खर्चाविषयीही स्पष्टता हवी. ही तरतूद अनपेक्षित किरकोळ गरजांसाठी असते. मूळ आराखड्यात नसलेले नवे दालन किंवा शेजारचे दुसरे काम तिच्यातून करता येत नाही. तसेच निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणे अनुचित आहे. सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेसंबंधीचा कर्नाटकाचा १९९९ चा अधिनियम याच हेतूने झाला. त्याच अधिनियमात पुढे दुरुस्ती होऊन ठराविक रकमेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींच्या ठेकेदारांसाठी १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी ६.९५ टक्के कामे राखून ठेवण्यात आली. ही मर्यादा आरंभी ५० लाख रुपये होती, ती २०२३ साली १ कोटी रुपये करण्यात आली. बांधकामाचा लाभ इमारतीच्या रूपाने मिळतो, तसा रोजगार व व्यवसायाच्या रूपानेही मिळावा, हा त्यामागील हेतू होय.

ठराविक खर्चाच्या योजना

काही योजनांत अंदाजपत्रकास वाव नसतो. शासनाने प्रत्येक घरामागे वा गावामागे रक्कम ठरवून दिलेली असते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले, आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठेवण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेत आणखी २ कोटी घरांना मान्यता मिळाली, तीही याच दराने. नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष असुरक्षित जमातींसाठी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात घरामागे २ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. परंतु कर्नाटकात या वर्गात जेनु कुरुब आणि कोरग या दोनच जमाती येतात. बीदर जिल्ह्यातील गोंड कुटुंबांना ती रक्कम लागू होत नाही, हे अर्ज भरतानाच सांगितले पाहिजे. खोटी आशा लावून नंतर नकार कळविण्यात कोणाचेही हित नाही.

२०२१-२२ पासून पाच वर्षांसाठी आखलेल्या प्रधानमंत्री आदि आदर्श ग्राम योजनेत उणिवा भरून काढण्यासाठी प्रत्येक गावास २० लाख ३८ हजार रुपये ठेवण्यात आले, आणि प्रशासकीय खर्चही त्यातच धरण्यात आला. किमान ५०० आदिवासी लोकसंख्या आणि एकूण लोकसंख्येत त्यांचे किमान ५० टक्के प्रमाण, ही गाव निवडण्याची अट होती. २ ऑक्टोबर २०२४ रोजी आरंभ झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानासाठी ७९,१५६ कोटी रुपयांची तरतूद असून त्यात ६३,००० हून अधिक गावे अंतर्भूत आहेत. तेथेही भर आदिवासीबहुल गावांवर आहे. एकलव्य आदर्श निवासी विद्यालयाच्या बांधकामासाठी सपाट प्रदेशात ३७ कोटी ८० लाख आणि डोंगराळ व अन्य विशेष प्रदेशांत ४८ कोटी रुपये असा खर्च ठरला. हा खर्च पूर्वी अनुक्रमे २० व २४ कोटी रुपये होता. मात्र विद्यालयाच्या स्थाननिश्चितीसाठीही ५० टक्के लोकसंख्येचा निकष लावण्यात आला आहे.

मिश्र वस्तीच्या गावांपुढील अडचण येथे स्पष्ट होते. ज्या गावात शंभरापैकी तीस घरे आदिवासींची आहेत ते गाव अशा निकषांबाहेर पडते. त्या तीस घरांची गरज मात्र आदिवासीबहुल गावातील घरांहून कमी नसते. अशा वस्त्यांसाठी राज्याच्या उपयोजनेचा निधी हाच मुख्य आधार उरतो. म्हणूनच त्या निधीतील प्रत्येक रुपया त्याच वस्तीवर खर्च होणे आणि पुरेसा खर्च होणे, या दोन्ही गोष्टींची जबाबदारी स्थानिक यंत्रणेवर अधिक येते.

मंजुरीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

काम सुरू करण्यापूर्वी जागा निर्वेध आणि शासनाच्या वा ग्रामपंचायतीच्या नावे आहे, याची खातरजमा करणे हे पहिले पाऊल होय. जागेचा वाद निघून काम मध्येच थांबले की, दर वाढतात आणि मंजूर रक्कम अपुरी पडते. काम चालू असताना परिमाणांत बदल करणे भाग पडल्यास तो आधी लेखी मंजूर करून घ्यावा. पूर्ण झालेल्या इमारतीचा ताबा कोणी घ्यावयाचा आणि देखभालीचा आवर्ती खर्च कोणत्या निधीतून करावयाचा, हेही आरंभीच ठरलेले असावे. भांडवली अनुदानातून पुढील वर्षांचे वीजदेयक भरता येत नाही.

केंद्रीय नियमांनुसार अनुदान मिळालेल्या संस्थेने वित्तीय वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावयाचे असते, आणि अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज शासनाच्या एकत्रित निधीत भरावयाचे असते. ते व्याज म्हणजे वाढीव कामासाठी मिळालेला निधी नव्हे. प्रमाणपत्र रखडले की पुढील हप्ता रखडतो, आणि त्याचा भुर्दंड प्रमाणपत्र न देणाऱ्या कार्यालयास नव्हे, तर वस्तीस बसतो.

या सर्व प्रक्रियेत वस्तीवरील नागरिकांचा सहभाग हा औपचारिक भाग समजू नये. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाने शासकीय यंत्रणेवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य टाकले आहे. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर एकूण रक्कम असते, परंतु त्या रकमेत काय काय मिळावयाचे आहे हे बहुधा नसते. मंजूर अंदाजपत्रकाचा गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखविला आणि फलकावर खोल्या किती, नळ किती, दिवे किती, कुंपण किती मीटर, एवढ्या चार ओळी कन्नडमध्ये आणि जेथे आवश्यक तेथे मराठीतही लिहिल्या, तर इमारतीतून काय सुटले हे पाहण्यास लेखापरीक्षकाची वाट पाहावी लागणार नाही. वस्तीवरील वृद्ध स्त्रीदेखील नळ मोजू शकते.

सारांश, मान्य खर्चाचे नियम हे निधीला कुलूप लावण्यासाठी नसून तो योग्य दारी पोहोचविण्यासाठी आहेत. अभियंत्याने जमीन पाहून, लीड मोजून, कर व उपकर धरून अंदाज करावा. लेखापालाने शीर्ष आणि लाभार्थी यादी तपासावी. ग्रामपंचायत सदस्याने वस्तीची गरज ठरावात स्पष्ट मांडावी. आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने रक्कम कमी करताना कोणती सोय कमी होते आहे हे टिप्पणीत नमूद करावे. एवढी दक्षता घेतली गेली, तर चिटगुप्पा तालुक्यातील गोंड वस्तीवर उभी राहणारी प्रत्येक इमारत लहान असली तरी पुरी असेल, आणि ती ज्यांच्या नावाने बांधली गेली त्यांच्याच उपयोगी पडेल.